निरोप वाचल्याची वेळ

पांगानीला नदी समुद्राला मिळते, तिथे अलीकडच्या काठावर म्वानाकोंबोचं घर आहे. ओसरीवर बसलं की पलीकडचं ब्वेनी दिसतं, माडांखालची घरं दिसतात, आणि दिवसभर या काठाहून त्या काठाला जाणारी फेरीबोट दिसते. म्वानाकोंबो तिथेच बसून चटया विणायची. शिंदीच्या कोवळ्या पानांच्या पट्ट्या काढायच्या, जांभळ्या-हिरव्या रंगात उकळायच्या, सावलीत वाळवायच्या, मग विणून एकीला एक शिवायच्या. नवरा समुद्रावरच जाणारा होता, तो तापानं गेला. मागे एकच मुलगा, नासोरो. त्याला तिनं या चटयांवर वाढवला. मोहल्ल्यात मूल जन्मलं तरी तिची चटई लागायची, लग्न असलं तरी लागायची, आणि माणसाला माती द्यायला नेतानाही तिचीच लागायची.

फोन तिला नासोरोनं घेऊन दिला होता. त्या किनाऱ्यावर सूर्य उगवला की तास नव्यानं मोजायला लागतात. आपण सकाळचे सात म्हणतो, तो त्यांचा दिवसाचा एक. आपण रात्रीचे आठ म्हणतो, ते त्यांचे रात्रीचे दोन. फोनचं घड्याळ मात्र जगासारखं चालतं. तिथल्या माणसांना त्याचं काही वाटत नाही. फोनवर आठ दिसले की ती तोंडानं दोन म्हणतात आणि पुढे चालू लागतात. म्वानाकोंबोला तेवढं जमेना. ती वैतागून फोन उशीखाली टाकून द्यायची.

एक दिवस नासोरोनं फोन घेतला, काहीतरी खटपट केली आणि तिच्या मांडीवर ठेवला.

"आई, तुझ्या फोनला मी परदेशात पाठवलाय. त्याला वाटतंय तो ब्राझीलमध्ये राहतो. तिथलं घड्याळ आपल्या बोलण्याशी बरोब्बर जुळतं. आता जो आकडा दिसेल, तेवढेच वाजलेत समज."

"आणि तिथंच रमला, परत येत नाही म्हणाला तर?"

"मग बायको बघून देऊ त्याला तिकडचीच."

दोघं हसली. पण पुढे बायकोवरूनच त्यांचं बिनसलं.

म्वानाकोंबोनं बहिणीची मुलगी ठरवली होती. लग्नाची चटईही विणायला घेतली होती, मधोमध जांभळी वेल असलेली. नासोरोनं ब्वेनीच्या सेमेनीशी लग्न केलं. सेमेनी फेरीच्या धक्क्यावर मासे तळून विकायची. घायपाताच्या मळ्यात मजुरी करणाऱ्यांची मुलगी, एकदा घटस्फोट झालेली. लग्नानंतर धक्क्यावर दोघींची गाठ पडली. सेमेनीनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खाली वाकून म्हणाली, "शिकामू, आई." तिथे लहानानं मोठ्याला असंच म्हणायचं असतं, आणि मोठ्यानं "मराहाबा" म्हणून ते घ्यायचं असतं. रस्त्यावरचं अनोळखी पोर म्हणालं तरी घेतात. म्वानाकोंबोनं सेमेनीच्या टोपलीत बघितलं आणि शेजारच्या कोळ्याला म्हणाली, "ही मासळी कालची दिसते." आणि बोटीवर चढली.

नासोरो त्याच संध्याकाळी आला. आईला त्यानं शब्दानं दुखवलं नाही. एवढंच म्हणाला, "तिचं शिकामू तरी घ्यायचंस."

"तिचं घेत नाही. आणि तुला माझी राधी नाही."

राधी म्हणजे आईनं लेकराला दिलेली माफी, आणि तिचा आशीर्वादही. आईची राधी नसेल तर माणसाला कबरीतसुद्धा अंग सैल सोडता येत नाही, असं म्वानाकोंबोच्या आईनं तिला लहानपणी सांगितलं होतं. शब्द तोंडातून गेला. नासोरो उंबऱ्यावर थोडा थांबला, मग चपला घालून गेला. लग्नाची अर्धवट चटई गुंडाळून तिनं आढ्याला बांधून ठेवली.

कित्येक महिने तो आला नाही. येताजाता फेरीबोटीवर दिसायचा तेवढाच. असाच एकदा दिसला, बोटीच्या कडेला पाठमोरा उभा. शर्ट पाठीवर फाटलेला होता आणि कुणीतरी तो शिवला होता. बोट काठाला लागेपर्यंत म्वानाकोंबो ते टाके बघत राहिली. जन्मभर शिवणाऱ्या बाईला टाका लांबूनही कळतो. बारीक, एकसारखे टाके होते. मन लावून घातलेले.

त्या दिवशी तिनं दुपार उलटल्यावरची असरची नमाज पढली आणि नमाजेच्या चटईवरूनच नासोरोला निरोप लिहिला. अक्षरं शोधून शोधून लिहिली. "नासोरो, मी तुला राधी दिली. येऊन जा." पाठवलं. निरोपाखाली एक करडी खूण आली. त्याचा फोन बंद असणार. ती रंगाचं भांडं घासायला उठली.

सकाळी फज्रची नमाज झाल्यावर बघते तर दोन खुणा, दोन्ही निळ्या. वाचलं होतं त्यानं. उत्तर नव्हतं.

"रुसू दे," ती स्वतःशीच म्हणाली. "माझाच आहे." तिनं तांदळाचं पीठ भिजवलं, नारळाचं दूध काढलं. त्याच्या आवडीची धिरडी करायची होती. तवा तापला तेव्हा हमादी दारात आला. तो नासोरोच्या होडीवरचा जोडीदार. कपडे ओले होते आणि पायात काही नव्हतं. त्याच्या मागे मोहल्ल्यातले पुरुष उभे होते.

नासोरो पहाटे जाळ्यात सापडला होता.

हमादीनं अंगणात सगळं सांगितलं. बायका पडद्याआड बसून ऐकत होत्या.

"सूर्य बुडताना निघालो. अंधारी रात्र, दिव्यावर बारीक मासळी चांगली येते. वाळूचा पट्टा ओलांडून थोडंच गेलो होतो. रात्रीच्या इशाची बांग पाण्यावरून ऐकू आली. त्यानंतर लगेच लाट आली, रात्रीचे दोन वाजायला आले असतील. दिवा गेला, होडी पालथी झाली. आम्ही दोघं तिच्या बुडाला धरून राहिलो. बराच वेळ. मग त्यानं मान किनाऱ्याकडे फिरवली आणि म्हणाला, नआम."

"काय म्हणाला?" कुणीतरी विचारलं.

"नआम. हाक मारल्यावर म्हणतात तसं. मी म्हटलं, कुणाला ओ देतोस? पुढची लाट गेली तेव्हा तो नव्हता."

आईनं हाक मारली की मुलानं नआम म्हणायचं, मुलीनं लबेका. नुसतं "काय" म्हणालं तर चापट बसते. म्वानाकोंबोनं ते नासोरोला तो रांगत असतानाच शिकवलं होतं. पडद्याआड तिनं तोंडावर ओढणी दाबली. रात्रीच्या दोनला ती झोपायची तयारी करत होती. तिनं कुणालाच हाक मारली नव्हती.

माती दिली. तीन दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. सेमेनी पलीकडे ब्वेनीच्या खोलीत इद्दत पाळत बसली होती. चार महिने दहा दिवस तिनं घराबाहेर पडायचं नव्हतं. तिला इकडे आणून बसवा, असं एकदोघी दबक्या आवाजात म्हणाल्या. म्वानाकोंबोनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

तिसऱ्या दिवशी बहिणीचा मुलगा इद्दी तिच्याजवळ येऊन बसला. तो टांगा शहरात मास्तर होता. मावशी सारखी फोनमधला तो निरोप उघडते आणि मिटते, हे त्यानं पाहिलं होतं.

"दे इकडे, मावशी. निरोपावर बोट दाबून धरलं ना, की तो कधी पोचला आणि कधी वाचला, वेळ दाखवतो." त्यानं दाबलं. डोळे बारीक करून वाचलं आणि त्याचा चेहरा उजळला. "हे बघ. वाचलं, दोन चाळीस, दुपारचे. जेवण झाल्यावर वाचलंय त्यानं. होडी तर सूर्य बुडताना सुटली. मावशी, तुझी राधी घेऊन गेला तो."

बायकांमध्ये एक सुस्कारा फिरला. कुणी अल्लाचे आभार मानले. कुणी म्वानाकोंबोचे हात धरले. "आईचं काळीज. वेळेवर सुचलं बाई तुला."

इद्दीचं काही चुकलं नव्हतं. तिथलं कुणीही जे करतं तेच त्यानं केलं. फोनवरचा आकडा जगाचा आकडा धरला. हा फोन ब्राझीलमध्ये राहतो, हे त्याला कुठून माहीत असणार. ते दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातला एक मातीखाली होता.

या फोनवर दोन चाळीस म्हणजे रात्रीचे दोन चाळीस, आपण म्हणतो ते रात्रीचे आठ चाळीस. इशाच्या नंतरचे. आणि आकडा राहू दे, निरोप तिनं असर पढून लिहिला होता, ऊन कलल्यावर. भर दुपारी तो कुणी वाचायला अजून लिहिलाच कुठे होता? तिच्या बोटांना नमाजेच्या चटईचा खरखरीतपणा आठवत होता.

तिनं मान खाली घातली. बायकांना वाटलं, समाधानानं घातली.

त्या दिवसापासून पांगानीत सगळे म्हणू लागले की नासोरो राधी घेऊन गेला. बाजारात म्हणत, विहिरीवर म्हणत. सांत्वनाला येणारी प्रत्येकजण म्हणे, "तेवढं एक बरं झालं." आणि प्रत्येक वेळी म्वानाकोंबोला वाटे, आपण चोरीचं खातोय. खरं तिला एकटीला माहीत होतं. होडी पालथी झाल्यावर कुणीतरी तो निरोप वाचला होता. नासोरो पाण्यात होता, फोन त्याच्याबरोबर पाण्यात होता, आणि तरी खुणा निळ्या झाल्या होत्या. आणि त्याच सुमाराला त्यानं कुणाला तरी नआम म्हटलं होतं.

माणसं पांगल्यावर एका संध्याकाळी तिनं नुसतं लिहिलं, "नासोरो." एक करडी खूण आली. तिनं इशा पढली, दार लावलं, फोन उशाशी ठेवला. थोड्या वेळानं बघितलं तर दोन खुणा, निळ्या. तिनं बोट दाबून धरलं. वाचलं, दोन वाजून दहा मिनिटं.

फोन चटईवर पडला, तो तिनं सकाळपर्यंत उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी लिहायचं नाही असं ठरवलं होतं. संध्याकाळी लिहिलं, "जेवलास का?" पुन्हा तेच. इशापर्यंत एक करडी खूण, इशानंतर दोन निळ्या. उत्तर कधीच नाही. मग ती रोजच लिहू लागली. आज शेवग्याची भाजी केली. तुझ्या बाबांची जाळी उंदरांनी कुरतडली. गार वाटतं का रे? कधी तिला घाम फुटे, ती कुराणातल्या आयता म्हणत भिंतीला टेकून बसे. आणि कधी, खुणा निळ्या व्हायला उशीर झाला, तर त्याहून जास्त भीती वाटे. इशानंतर ती घरात ऊद लावायची, खिडकी लावून घ्यायची. खिडकी समुद्राकडची होती.

चटया विणणं मागे पडलं. बोटं पट्टीवर असत आणि डोळे फोनवर.

शेजारची बी झुहूरा मुलींना कुराण शिकवायची. तोंडाची फटकळ, मनाची सरळ. एक दिवस ती ओसरीवर येऊन बसली आणि अर्धवट चटई हातात घेऊन म्हणाली, "हे विणलंस का बकरीनं चावलंय?"

म्वानाकोंबो रडायलाच लागली. आणि जे कुणाला सांगितलं नव्हतं, ते सगळं सांगितलं. असरची नमाज, ब्राझील, दोन चाळीस, रोजच्या निळ्या खुणा, सगळं.

झुहूरानं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मेलेल्याच्या फोनमध्ये डेटा कोण भरतं ग?"

"थट्टा करू नकोस."

"थट्टा नाही. गेलेल्या माणसाला देवाघरी पुष्कळ कामं असतात, म्वानाकोंबो. तो रात्री फोन बघत बसत नाही. फोन कुठे आहे?"

"त्याच्याबरोबर गेला. पाण्यात."

"कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. म्वानाकोंबोनंच तसं धरलं होतं. सेमेनीला कुणी विचारलं नव्हतं, कारण सेमेनीशी या घरातलं कुणी बोलत नव्हतं.

"पलीकडे जाऊन ये," झुहूरा म्हणाली. "तिला बाहेर पडता येत नाही. तुला येतं."

म्वानाकोंबो गेली नाही. तो आठवडा गेला, पुढचा गेला. फेरीबोट समोरून जायची आणि ती बघत राहायची. भुतासारखं जे काही रोज रात्री वाचत होतं, त्याची तिला भीती वाटत होती. पण तोवर नासोरोनं वाचलं असं निदान म्हणता तरी येत होतं, जिवंतपणी नाही तर मेल्यावर का होईना. फोन सेमेनीच्या हातात निघाला, तर राधी पोचलीच नाही. तर मग तो तिकडे आखडलेलं अंग घेऊन पडला आहे. हे ज्या दिवशी कळेल त्या दिवसानंतर कसं जगायचं, ते तिला सुचत नव्हतं.

शेवटी एका जुम्म्याला ती उठली. का उठली, तिचं तिलाच सांगता आलं नसतं. नमाजेत सज्द्याला कपाळ टेकलं तेव्हा तिला तो शिवलेला शर्ट दिसला, एवढंच. तिनं आढ्याची चटई सोडली, अर्धवट जांभळ्या वेलीची, ती काखेत मारली आणि फेरीबोटीत जाऊन बसली.

सेमेनीची खोली धक्क्यामागच्या गल्लीत होती. दार उघडंच होतं. पांढऱ्या कपड्यात ती जमिनीवर बसून कुणाचा तरी फ्रॉक शिवत होती. सासूला बघून उठली, सुई तशीच हातात.

"शिकामू," ती हळूच म्हणाली. उत्तर येईल अशी तिची अपेक्षा दिसली नाही. लगेच स्टूल पुढे सरकवलं.

म्वानाकोंबो बसली नाही. फळीवर, कुराणाच्या खालच्या खणात, नासोरोचा फोन दिसत होता. कडेला चिकटपट्टी लावलेला.

"हा घरीच होता," म्वानाकोंबो म्हणाली.

"घरीच ठेवून जायचा, बंद करून. दुपारीच होडीकडे जायचा. आधीचा खाऱ्या पाण्यानं गेला होता." सेमेनीनं फोनकडे बघितलं नाही. "त्या दिवशी मी इशा पढले आणि फोन चालू केला. तेव्हा तुमचा निरोप आला. शेगडीवर कढई होती, ती तशीच टाकून मी किनाऱ्यावर पळाले."

"कशाला?"

"त्याला सांगायला. रोज विचारायचा तो, आईचं काही आलं का. मी नाही म्हणायचे. त्या दिवशी आलं होतं." तिनं सुई फ्रॉकला टोचून ठेवली. "वाटलं, होडीचा दिवा दिसेल. दिसला नाही. वाटलं लांब गेले. तरी ओरडले. नासोरो, आईनं राधी दिली. पुन्हा पुन्हा ओरडले. पोरं हसत होती मला. तो तिथं पाण्यात असेल, हे मला काय ठाऊक."

बाहेर फेरीबोटीनं भोंगा दिला. म्वानाकोंबो खाली बसली. स्टुलावर न बसता जमिनीवरच बसली.

"हमादी म्हणतो, तो नआम म्हणाला."

"मलाही सांगितलं त्यानं. दारातून."

"मग ऐकू गेलं असेल का ग?"

सेमेनी हो म्हणू शकली असती. म्वानाकोंबो तिच्या तोंडाकडे बघत होती, ते हो ऐकायला.

"वारा समुद्राकडून होता, आई," ती म्हणाली. "माझाच आवाज परत माझ्या तोंडावर येत होता. खोटं कसं सांगू. पण ओरडले, एवढं खरं."

म्वानाकोंबोनं काखेतली चटई मांडीवर घेतली. मग तिनं विचारलं, "आणि नंतरचे निरोप? तू वाचत होतीस रोज?"

"इशा झाली की फोन चालू करायचे. त्याचे फोटो आहेत त्यात. तुमचं आलेलं असायचं. जेवलास का, गार वाटतं का." तिनं फ्रॉक बाजूला ठेवला. "उत्तर द्यायला हात जायचा. पण निरोप त्याला होता. त्याच्या नावानं मी काय लिहू? वाचलं, एवढं तरी तुम्हाला दिसावं, म्हणून उघडायचे. वाटायचं, तुम्हाला बरं वाटेल."

"मी खिडकी लावून बसायचे. भिऊन."

"मला नव्हतं माहीत."

"तुला कसं असणार."

म्वानाकोंबोनं चटई उलगडली. जांभळी वेल अर्ध्यावर येऊन थांबली होती, पुढच्या पट्ट्या सुट्ट्या लोंबत होत्या. "अपुरी आहे," ती म्हणाली. "जमिनीवर बसू नकोस. ओल लागेल." सेमेनीनं कडेच्या टाक्यांवरून बोट फिरवलं आणि न विचारताच सुई उचलली. एक सुटलेली पट्टी तिनं तिथल्या तिथे टाचली. तेच टाके, बारीक, एकसारखे.

निघताना म्वानाकोंबो उंबऱ्यावर थांबली.

"मराहाबा," ती म्हणाली. ते आजच्या शिकामूचं होतं की धक्क्यावरच्या त्या जुन्याचं, हे दोघींपैकी कुणी बोललं नाही.

घरी आली तेव्हा ओसरीवर झुहूरा आणि दोघी बायका बसल्या होत्या. त्यातली एक नवी होती, माहेराहून नुकतीच आलेली. ती सांत्वन करायला म्हणाली, "ऐकलं मी. तेवढं एक बरं झालं बाई, दुपारीच वाचलं त्यानं."

"दुपारी नाही," म्वानाकोंबो म्हणाली. "रात्री. माझ्या सुनेनं वाचलं."

झुहूरानं हळूच विचारलं, "आणि नासोरोला?"

"तिनं किनाऱ्यावर जाऊन त्याला सांगितलं. पोचलं का नाही, ते देवाला माहीत."

त्या दिवशी इशा पढून झाल्यावर तिनं फोन घेतला. सवयीनं बोटं नासोरोच्या नावाकडे गेली. तिनं एकच शब्द लिहिला, "सेमेनी." हाक मारावी तसा. एक करडी खूण आली, मग दोन, मग निळ्या.

आणि पहिल्यांदाच त्या बाजूनं काहीतरी आलं.

"लबेका."

वर नाव नासोरोचंच होतं. ते बदलायचं तिच्या मनात आलं नाही. वेळ बघायला तिनं त्या शब्दावर बोट नेलं आणि दाबायच्या आधी तसंच थांबवलं. किनाऱ्याकडे मान फिरवून तो काय म्हणाला होता, ते तिला हमादीच्या आवाजात नाही, त्याच्याच आवाजात ऐकू आलं. तिनं उठून खिडकी उघडली. वारा अजून समुद्राकडूनच होता.